जी. एन. रामचंद्रन : प्रथिनांच्या घड्यांचा नकाशा काढणारे शास्त्रज्ञ



डाळ, दूध, अंडी यांत प्रथिने असतात हे आपण मुलांना शिकवतो. पण प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी, आणि तिची ठरावीक घडी बसली तरच बहुतेक प्रथिने आपलं काम करतात, हे सांगायचं राहून जातं. निसर्गात अशा घड्या किती प्रकारच्या? त्या सगळ्या सापडल्या का? हा प्रश्न समजून घ्यायचा तर जी. एन. रामचंद्रन यांची ओळख हवीच.

त्यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९२२ रोजी केरळमधील एर्नाकुलम येथे झाला. वडील गणिताचे प्राध्यापक, त्यामुळे गणिताची गोडी घरातच लागली. १९४२ मध्ये ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्युत अभियांत्रिकी शिकायला गेले, पण सर सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली भौतिकशास्त्रातच रमले. पुढे केंब्रिजहून पीएच.डी. घेऊन ते परतले आणि १९५२ मध्ये, वयाच्या तिशीतच, मद्रास विद्यापीठात भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख झाले.

त्वचा, हाडं आणि कंडरा यांत असणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाची रचना तेव्हा उलगडलेली नव्हती. मद्रासमध्येच चर्म संशोधन संस्था होती. तिथून मिळालेल्या कांगारूच्या शेपटीच्या कंडरेवर त्यांनी क्ष-किरण टाकून अभ्यास केला. गोपीनाथ कर्था यांच्यासह १९५४-५५ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की कोलॅजेन म्हणजे एकमेकींभोवती वळलेल्या तीन साखळ्यांचा पीळ आहे.

यावर फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच यांनी आक्षेप घेतला : या रचनेत काही अणू फारच जवळ आलेत! रामचंद्रन वाद घालत बसले नाहीत. अणू एकमेकांच्या नेमके किती जवळ येऊ शकतात, हेच त्यांनी उपलब्ध स्फटिकरचनांमधून तपासायला घेतलं. त्यातून १९६३ मध्ये सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांच्यासह जगप्रसिद्ध 'रामचंद्रन आलेख' तयार झाला.

मुलांना तो समजवायला कोपराचं उदाहरण द्या. खांदा चौफेर फिरतो, पण कोपर मागे वाकत नाही. प्रथिनाच्या साखळीतही प्रत्येक दुव्याला काही कोनांतच वळता येतं, बाकी कोनांत अणू एकमेकांवर आदळतात. कोणते कोन चालतील आणि कोणते नाहीत, याचा नकाशा म्हणजे हा आलेख. नव्या प्रथिनाची रचना सापडली की आजही ती याच आलेखावर ताडून पाहतात.

आता मूळ प्रश्न. १९९२ मध्ये सायरस चोथिया यांनी प्रथिनांची सुमारे हजारच कुळं असावीत असा अंदाज मांडला. आज दोन लाखांहून जास्त रचना प्रयोगांतून मिळाल्या आहेत, तरी घड्यांचे प्रकार वर्गीकरणानुसार साधारण हजार ते दीड हजारच भरतात. प्रयोगांतून अगदी नवी घडी क्वचितच मिळते. मग यादी संपली का? तसं म्हणता येत नाही. ज्या प्रथिनांचे स्फटिक सहज बनतात, त्यांचाच अभ्यास जास्त झाला आहे. २०२३ मध्ये संगणकाने वर्तवलेल्या कोट्यवधी रचना चाळताना फुलासारखी दिसणारी एक नवी घडी सापडलीच. शिवाय २००३ मध्ये डेव्हिड बेकर यांच्या गटाने निसर्गात तोवर न दिसलेली घडी प्रयोगशाळेत घडवून दाखवली. म्हणजे शक्य असलेलं सगळंच निसर्गाने वापरलेलं दिसत नाही.

रामचंद्रन यांनी पुढे बंगळुरूला रेण्वीय जैवभौतिकी विभाग उभारला. १९७१ मध्ये ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासह त्यांनी दिलेली गणिती पद्धत सीटी स्कॅनच्या प्रतिमा बनवायला उपयोगी पडली. नोबेल मात्र मिळालं नाही. ७ एप्रिल २००१ रोजी चेन्नईत त्यांचं निधन झालं.

काय सापडलं याची यादी करण्याआधी काय शक्य आहे याची हद्द त्यांनी आखली, आणि तीही आपल्यावरच्या टीकेतून. वर्गात एखाद्या मुलाचं उत्तर कुणी खोडून काढलं, तर त्याला ही गोष्ट जरूर सांगा.