एका दिवसाचा राजा

इंदुरात १९१७ साली प्लेगची धास्ती होती. होळकर दरबाराने शहर सुधारायला बोलावलेले दाढीवाले पॅट्रिक गेडिस गल्लीबोळांतून नकाशे घेऊन हिंडत, तेव्हा लोकांना वाटे, हा साहेबच रोगराई आणतो!

१८५४ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेले गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ. लग्नानंतर त्यांनी एडिंबरोच्या कळकट वस्तीत बिऱ्हाड थाटले आणि शेजाऱ्यांना हाताशी धरून घरे सुधारली. सडके तेवढे काढावे, वस्ती उठवू नये, ही त्यांची धारणा.

त्याच १९१७ साली मुलगा युद्धात पडला. पाठोपाठ पत्नी ॲना कलकत्त्यात वारल्या. तरी गेडिस कामाला भिडले. महाराजांकडून त्यांनी एका दिवसाचे राजेपद मागून घेतले आणि जाहीर केले, की दिवाळीची मिरवणूक सर्वांत स्वच्छ रस्त्यांवरून जाईल. मग काय! घरोघरी झाडलोट, रंगसफेदी सुरू झाली. गाड्या भरभरून कचरा निघाला. मिरवणुकीत प्लेगचा प्रचंड उंदीर मिरवला आणि शेवटी घाणीच्या राक्षसाची होळी झाली.

पुढे १९१९ साली ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. १९३२ साली फ्रान्समध्ये निवर्तले.

बरोबर १०० वर्षांनी, २०१७ साली, इंदूर स्वच्छतेत देशात पहिले आले. त्याचे श्रेय आजच्या इंदूरकरांचे. पण दंडापेक्षा मानाने माणूस लवकर झाडू उचलतो, हे गेडिस यांनी तिथेच दाखवून दिले होते.