मिशीवाली आई : गिजुभाई बधेका

मुलाला वळण लावायचे म्हणजे त्याला धाकात ठेवायचे, ही समजूत आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. शाळेचे नाव काढताच लहानपणी माझ्याही पोटात गोळा उठे. म्हणूनच वाचनालयात गिजुभाई बधेका यांचे ‘दिवास्वप्न’ वाचल्यावर हा माणूस कोण, हे जाणून घ्यायची ओढ मला लागली.

गिजुभाईंचा जन्म १५ नोव्हेंबर १८८५ रोजी सौराष्ट्रातील चितळ गावी झाला. तरुणपणी पोटासाठी ते पूर्व आफ्रिकेत गेले. परतल्यावर वकिली करू लागले. १९१३ साली त्यांना मुलगा झाला आणि याला वाढवावे कसे, हा प्रश्न पुढे उभा राहिला. कायद्याच्या पुस्तकांत त्याचे उत्तर नव्हते. मग त्यांनी माँटेसोरीबाईंचे ग्रंथ वाचले. १९१६ साली ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले आणि १९२० साली तेथे त्यांनी बालमंदिर सुरू केले.

या बालमंदिरात छडी नव्हती, तसेच बक्षीसही नव्हते. भीतीने किंवा खाऊच्या आशेने चांगले वागणारे मूल मोठ्यांची पाठ वळताच बदलते, हे त्यांनी ओळखले होते. गोष्टी, गाणी, नाटके आणि स्वतःच्या हातांनी करायची कामे यांत मुले रमत. भरघोस मिशांच्या या माणसाची माया पाहून लोक त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हणू लागले.

पण मूल अधिक काळ घरीच असते. बालमंदिरात मिळालेला विश्वास घरातल्या एका थपडेने नाहीसा होऊ शकतो. म्हणून गिजुभाईंनी आईबापांसाठीही लिहिले. आईबाप होणे किती अवघड आहे, हे सांगणारे पुस्तकच त्यांच्या नावावर आहे. मुलाला मारू नये, बागुलबुवा दाखवू नये, त्याला जमेल ते काम त्यालाच करू द्यावे, अशी त्यांची साधी शिकवण होती.

भावनगरला त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी हेच बालशिक्षण पुढे महाराष्ट्रात बोर्डी व कोसबाड येथे रुजवले.

२३ जून १९३९ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी गिजुभाई गेले. मित्रहो, उद्या आपल्यातले काही जण शिक्षक होतील, बरेच जण आईबाप होतील. पदवीसाठी आपण तीन वर्षे अभ्यास करतो. आईबाप होण्यासाठी मात्र कोणी एक पुस्तकही उघडत नाही. गिजुभाईंनी आपल्या मुलासाठी तो अभ्यास केला, आणि त्यातून हजारो मुलांच्या मनातली भीती गेली, असे मला वाटते.