बॉड रेटमधला 'बॉड' कुठून आला? एमिल बोदो यांची गोष्ट

डेटा लॉगरच्या सिरीयल पोर्टला सेन्सर जोडलाय, केबल नीट आहे, तरी स्क्रीनवर नुसती चित्रविचित्र अक्षरं येतायत? अशा वेळी आधी बॉड रेट तपासा. लॉगर ९६०० वर आणि सेन्सर ४८०० वर असेल तर दोघांचं जमणारच नाही. हा 'बॉड' शब्द एका माणसाच्या आडनावावरून आलाय.

एमिल बोदो यांचा जन्म ११ सप्टेंबर १८४५ रोजी फ्रान्समधल्या मान्यो गावी, शेतकरी कुटुंबात झाला. शिक्षण फक्त प्राथमिक शाळेपर्यंत. १८६९ मध्ये ते तार खात्यात शिकाऊ ऑपरेटर म्हणून लागले. तेव्हा तारा टाकणं महागडं काम होतं आणि मोर्सच्या पद्धतीत एका तारेवर एकच ऑपरेटर संदेश पाठवत असे. तो थांबला की तारही रिकामी!

नोकरी सांभाळून, फावल्या वेळात बोदोंनी यावर तोड काढली आणि १८७४ मध्ये पेटंट घेतलं. मोर्समध्ये काही अक्षरं छोटी, काही लांब. बोदोंनी प्रत्येक अक्षराला सारखेच पाच संकेत दिले. ऑपरेटर पियानोसारख्या पाच कळा एकदम दाबायचा. फिरता ब्रश तांब्याच्या पट्ट्यांवरून जात ते पाच संकेत एकामागून एक तारेवर सोडायचा. म्हणजे समांतर माहिती ओळीने पाठवायची. आपला सिरीयल पोर्ट आजही हेच करतो! पाच संकेतांच्या ३२च जुळण्या होतात, म्हणून अक्षरं आणि आकडे यांच्यात अदलाबदल करायला खास संकेत ठेवले होते.

ब्रश पुढच्या पट्ट्यांवर गेला की पुढच्या ऑपरेटरची पाळी. त्यामुळे एकाच तारेवर चार-चार जण काम करू लागले. अट एकच: दोन्ही टोकांचे ब्रश एकाच वेगाने फिरले पाहिजेत. ऑपरेटरलाही ठरलेल्या ठेक्यावरच कळा दाबाव्या लागत. ठेका चुकला की अक्षर बिघडलं.

१८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात या यंत्राला सुवर्णपदक मिळालं. घरचं सुख मात्र फार लाभलं नाही. जानेवारी १८९० मध्ये लग्न झालं आणि तीनच महिन्यांत पत्नी गेली. २८ मार्च १९०३ रोजी बोदोही गेले, वय अवघं ५७.

पुढे १९२६ मध्ये संकेतांच्या वेगाच्या एककाला त्यांचं नाव देण्यात आलं. एक बॉड म्हणजे सेकंदाला एक संकेत. साध्या सिरीयल पोर्टवर एका संकेतात एकच बिट जातो. आठ डेटा बिट, एक स्टार्ट, एक स्टॉप असे दहा बिट धरले, तर ९६०० बॉडवर सेकंदाला जास्तीत जास्त ९६० अक्षरं जातात.

स्टार्ट बिट बोदोंच्या यंत्रात नव्हता, तो नंतर आला. पण दोन्ही टोकांचा वेग जुळलाच पाहिजे, हा नियम तोच. तेव्हा पुढच्या वेळी लॉगर बडबडला, तर केबल बदलण्याआधी दोन्हीकडचा बॉड रेट बघा!