केतकर मास्तर आणि गुरूचे तीन चंद्र

दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याला घरी गेलो होतो. आजोबांच्या ट्रंकेत एक जुनं पंचांग निघालं आणि विषय निघाला व्यंकटेश बापूजी केतकरांचा. प्लूटो आपल्या माणसाने आधीच शोधला होता, असं आजोबांनी ठासून सांगितलं. सांगलीला परतल्यावर मी लायब्ररी गाठली.

केतकरांचा जन्म १८५४ सालचा, नरगुंदचा. पेशाने शाळामास्तर, नोकरी बागलकोटला. हाताशी ना मोठी दुर्बीण, ना कॅल्क्युलेटर. जुन्या पंचांगांचं गणित आकाशाशी जुळत नाही हे पाहून त्यांनी नव्या गणिताच्या आधारे 'ज्योतिर्गणितम्' हा संस्कृत ग्रंथ रचला.

गुरूच्या तीन चंद्रांचा एक ताल आहे. गॅनिमीडची एक फेरी होते तोवर युरोपाच्या दोन आणि आयोच्या चार होतात. हा मेळ लाप्लासने गणिताने उलगडला होता. दूरचे ग्रहही अशाच तालात फिरत असावेत, असा मास्तरांनी तर्क केला. १९११ साली फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत त्यांनी नेपच्यूनपलीकडचे दोन ग्रह वर्तवले, ब्रह्मा आणि विष्णू. ब्रह्माचं सूर्यापासूनचं अंतर पृथ्वीच्या ३८.९५ पट. फेब्रुवारी १९३० मध्ये प्लूटो सापडला, साधारण ३९.५ पटीवर! त्याच वर्षी मास्तर गेले.

पण दोस्तांनो, उत्तर जुळलं तरी स्टेप्स तपासायला हव्यातच. प्लूटो तालात आहे खरा, पण तो एकट्या नेपच्यूनबरोबर आणि तीनास दोन असा. गुरूच्या चंद्रांसारखी तिघांची साखळी तिथे नाही. विष्णू तर सापडलाच नाही.

त्या तालाची खरी करामत आयोवर दिसते. युरोपाची ओढ ठरावीक जागीच बसत असल्याने आयोची कक्षा पूर्ण गोल होत नाही. गुरूजवळ आला की तो ताणला जातो, लांब गेला की सैलावतो. वर्कशॉपमध्ये तार मागेपुढे वाकवली की ती गरम होते ना, तसंच. मार्च १९७९ मध्ये तिघा शास्त्रज्ञांनी हे गणित छापलं आणि आठवड्याभरात व्हॉयेजर-१ च्या फोटोत आयोवरचा ज्वालामुखी दिसला.

आजोबांना फोन करून सगळं सांगितलं. प्लूटोचं श्रेय मास्तरांना देता येत नाही म्हटल्यावर ते जरा हिरमुसले. पण बागलकोटच्या शाळामास्तराने ज्या तालावर भरवसा ठेवला, त्याच तालाने एका अख्ख्या चंद्राचं पोट तापतं, हे ऐकून त्यांनी मला ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.