कैद्यांचें गांव वसविणारा राजा

औंधचे राजेसाहेब भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि ह्यांचें नांव महाराष्ट्रांत घरोघरीं गेलें तें मुख्यत्वें सूर्यनमस्कारांमुळें. परंतु नमस्कार घालणाऱ्या पुष्कळ मुलांना हें ठाऊक नसतें कीं, ह्याच राजानें आपल्या संस्थानांतील कैद्यांना भिंती नसलेल्या गांवीं नेऊन ठेविलें. आमच्या मतें त्यांचें हें कार्य त्यांच्या नमस्कारांहून कमी योग्यतेचें नाहीं.

बाळासाहेबांचा जन्म १८६८ सालीं झाला. बी. ए. पर्यंत शिकलेले संस्थानिक त्या काळीं विरळाच; हे त्यांपैकीं एक होत. १९०९ सालीं ते गादीवर आले. संस्थान अवघें बहात्तर गांवांचें, आणि तेंही एकसलग नव्हे. औंध एकीकडे, कुंडल दुसरीकडे, तर आटपाडी तिसरीकडे! उत्पन्नही बेताचेंच. तरी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस त्यांनीं साह्य केलें, १९३५ सालीं इंदूरच्या साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद भूषविलें, आणि १९३८ सालीं औंधास चित्रांचें संग्रहालय उभारलें. ते स्वतः उत्तम चित्रकार होते.

१९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्याकरितां त्यांनीं कुंडलजवळचें माळरान दिलें. तीच आजची किर्लोस्करवाडी. लक्ष्मणरावांनीं तुरुंग भोगून आलेल्या माणसांना आपल्या वसाहतीच्या रात्रीच्या पहाऱ्यावर नेमिलें होतें. ज्याला गांव दाराशीं उभें करीत नाहीं, त्याच्याच हातीं दाराची राखण! संस्थानांत अशा विचाराचें बीज आधींच पडलेलें होतें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

१९३९ सालीं महात्मा गांधींच्या सल्ल्यानें राजेसाहेबांनीं राज्यकारभार प्रजेच्या हातीं सोंपविला आणि गांवोगांवीं पंचायती नेमिल्या. ह्या कामीं त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब व पोलंड देशांतील इंजिनियर मॉरिस फ्रिडमन हे पुढें होते. फ्रिडमन ह्यांस भारतानंद असेंही म्हणत. त्यांच्याच पुढाकारानें व राजेसाहेबांच्या संमतीनें त्याच वर्षीं आटपाडीजवळ कैद्यांची वसाहत स्थापन झाली; तिचें नांव स्वतंत्रपूर. तेथें तट नाहीं, बेड्या नाहींत. खुनासारख्या गुन्ह्यांची शिक्षा झालेलीं माणसें तेथें बायकामुलांसह राहत व शेती करीत. आटपाडीचा मुलूख म्हणजे कायमचा अवर्षणाचा. तेथें पीक काढणें हें काम भल्याभल्यांची परीक्षा पाहणारें आहे.

ह्या योजनेचें मर्म वाचकांनीं नीट ध्यानीं घ्यावें. आपल्या दिघोरीसारखें धानाचें गांव डोळ्यांपुढें आणा. तेथील एखादा शेतकरी दहा वर्षें तुरुंगांत राहिला, तर तेथें तो दरी विणावयास शिकेल, परंतु नांगराची मूठ विसरेल. मागें त्याच्या बांध्या दुसरा कोणी कसतो. बायको माहेरीं जाते. मुलें बापास ओळखीत नाहींत. शिक्षा संपवून तो परततो तेव्हां रोवणीच्या ऐन हंगामांतही त्याला कामास बोलावण्यास लोक कचरतात. शिक्षा एकाला आणि भोग साऱ्या घराला! स्वतंत्रपुरांत शिक्षेच्या काळींच संसार मोडत नसे आणि हातांची संवय जात नसे. सुटल्यावर त्याला बायकामुलांपासून नव्यानें आरंभ करावा लागत नसे. गांवाच्या मनांतील अढी मात्र कोणत्याही राजाज्ञेनें जाणारी नव्हे. ती ज्याची त्यालाच श्रमानें काढावी लागते. शिवाय ज्याच्यावर अन्याय झाला, त्या घराचें दुःखही विसरून चालणार नाहीं.

१९४८ सालीं औंध संस्थान विलीन झालें व १९५१ सालीं बाळासाहेब निवर्तले. पुढें १९५७ सालीं व्ही. शांतारामांनीं ह्याच प्रयोगावरून ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढिला. त्याची कथा आटपाडीजवळच्याच माडगूळ गांवचे ग. दि. माडगूळकर ह्यांची. चित्रपटांतील कैदी सहा, आणि त्यांच्यासोबत बायकामुलें नाहींत. खरें स्वतंत्रपूर आज महाराष्ट्राच्या कारागृह खात्याकडे आहे, आणि तेथें कैदी अजूनही कुटुंबासह राहून शेती करितात.