विरहातून उभा राहिलेला मार्ग : श्रीनागदेवाचार्य

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी शके ११९६ च्या सुमारास (इ. स. १२७४) उत्तरापंथे गमन केले, तेव्हा मागे राहिलेल्या भक्तपरिवाराजवळ ना मठ होता, ना ग्रंथ, ना राजाश्रय. होती ती केवळ आठवण, आणि तीच त्यांना जाळीत होती. ज्या सन्निधानासाठी घरदार व कुळाचा अभिमान सोडला, ते सन्निधानच सुटले. भटोबासांना, म्हणजेच श्रीनागदेवाचार्यांना, आपण प्रारंभापासून धीरोदात्त कल्पितो. वस्तुतः विरहाने तेही अत्यंत व्याकुळ झाले होते.

स्वामींच्या आज्ञेप्रमाणे ते परिवारासह ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत आले. तेथे सुमारे चौदा वर्षे गेली. श्रीप्रभूंच्या बालवत् लीळांत सूत्रबद्ध निरूपण नव्हते. पण विखुरलेल्यांना एकत्र राहण्यास त्या सेवेचे निमित्त झाले. श्रीप्रभूंनी विवाहाची प्रवृत्ती दाखविली तेव्हा महदाइसेने धवळे गायिले. शोकग्रस्त परिवारात पुन्हा गीत उमटले, या गोष्टीकडे अभ्यासकांनी केवळ वाङ्मयदृष्ट्या पाहिले आहे.

ऋद्धिपुरीच भटोबासांना एकांती मनन करताना पाहून म्हाइंभटांनी त्याविषयी पृच्छा केली. आपण स्वामींच्या लीळा आठवीत असतो, असे कळताच त्या लिहून ठेवण्याचा संकल्प झाला. जो ज्या लीळेचा साक्षी, त्याच्याकडे जाऊन ती ऐकावी, आणि भटोबासांकडून शोधून घ्यावी, असा क्रम ठरला. एकेकाच्या अंतरातले दुःख अशा रीतीने सर्वांचे धन झाले. लीळाचरित्र हा त्याचाच परिपाक होय. त्यातील वचने वेचून केशोबासांनी सूत्रपाठ सिद्ध केला.

श्रीप्रभूंच्या गमनानंतर परिवाराचा सर्व भार भटोबासांवर आला. केशोबासांसारखा विद्वान संस्कृतात रचना करू लागला, तेव्हा आचार्यांनी त्यास निवारिले. त्यायोगे परिवारातील म्हाताऱ्या ज्ञानास अंतरतील, अशी त्यांना चिंता होती. कित्येकांना यात केवळ भाषाभिमान दिसतो. आम्हास तसे वाटत नाही. निराधार झालेल्या मेळ्यात कोणीही परका होऊ नये, ही त्यामागील करुणा आहे.

शके १२२४ च्या सुमारास (इ. स. १३०२) आचार्यांचे देहावसान झाले व बाइदेवबासांकडे धुरा आली. पुढे खिलजींच्या स्वारीच्या धामधुमीत पोथ्या गहाळ झाल्या, असे परंपरा सांगते. त्या वेळी हिराइसा आदींच्या मुखोद्गत पाठांवरून लीळा पुन्हा लिहिल्या गेल्या. पाठभेद उरले, ते आजही आपण वाचतो.