खांद्याचा हिशेब

३१ मार्चची रात्र ज्याने बँकेत काढली आहे, त्याला ताळा न जुळण्याचे दुःख वेगळे सांगावे लागत नाही. बारा पैशांचा फरक आला तरी सगळ्या शाखेने थांबायचे, चूक कुठे झाली ते शोधायचे आणि मगच घर गाठायचे. त्या जाडजूड लेजरांच्या उचलठेवीनेच निवृत्तीनंतर माझा उजवा खांदा धरला, अशी माझी समजूत. फळीवरचा डबा काढायला हात वर गेला आणि तिथेच अडला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला डावा हात टेबलावर टेकून वाकायला लावले आणि उजवा हात विहिरीतल्या पोहऱ्यासारखा लोंबता सोडून हळूहळू झुलवायला सांगितला. याला कॉडमनचा व्यायाम म्हणतात, हेही त्यांच्याकडूनच कळले. हा कॉडमन कोण, याचा शोध घेताना माझ्याच जातकुळीचा एक हिशेबनीस भेटला!

अर्नेस्ट अमोरी कॉडमन यांचा जन्म ३० डिसेंबर १८६९ रोजी अमेरिकेत, बोस्टन शहरात झाला. घराणे सुखवस्तू, शिक्षण हार्वर्डचे. त्या काळी रुग्णाला ईथर हुंगवून बेशुद्ध करण्याचे काम विद्यार्थ्यांकडे असे, आणि त्यात रुग्ण दगावतही. कॉडमन आणि त्यांचा सहाध्यायी हार्वे कुशिंग (हे पुढे मेंदूचे थोर शल्यविशारद झाले) यांनी शस्त्रक्रिया चालू असताना रुग्णाची नाडी आणि श्वास कागदावर टिपायला सुरुवात केली. आज प्रत्येक शस्त्रक्रियेत भूल देणारे डॉक्टर जो तक्ता भरतात, त्याचा आरंभ असा झाला.

पुढे कॉडमन यांचे लक्ष खांद्याकडे वळले. आपल्या खांद्याचा गोळा उथळ वाटीत बसलेला असतो. चार स्नायूंचे पट्टे मनगटावरच्या कफसारखे त्याला वेढून जागेवर धरतात. म्हणूनच त्यांना रोटेटर कफ म्हणतात. यांतला वरचा पट्टा फाटला की हात उचलवत नाही आणि रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. असा फाटलेला पट्टा शिवून दुरुस्त केल्याची हकिकत कॉडमन यांनी १९११ साली प्रसिद्ध केली.

पण पट्टा फाटतो कशाने? त्यांच्या रुग्णांत अंगमेहनतीची कामे करणारे पुष्कळ होते. कुणी पडलेला, कुणी ओझे उचलताना कळ आलेला. कॉडमन यांचे म्हणणे असे, की हाडाला चिकटतो त्या टोकाशी हा पट्टा आधीच झिजलेला असतो. पडणे किंवा हिसका बसणे हे शेवटचे निमित्त. १९७२ साली चार्ल्स नीअर या अमेरिकन शल्यविशारदांनी दोष वरच्या हाडाला दिला. त्याखाली घासून घासून पट्टा विरतो, असे त्यांचे मत. आज डॉक्टर दोन्ही गोष्टी जमेस धरतात आणि वय, हात वर करून वर्षानुवर्षे केलेले काम, धूम्रपान, मधुमेह, आनुवंशिकता यांचीही त्यांत भर घालतात. तरुणपणी मात्र बहुधा मोठा मारच कारण असतो. साठीनंतर कित्येकांचा पट्टा फाटलेला असूनही दुखत नाही, हेही आता ठाऊक झाले आहे.

खांद्याइतकाच दुसराही एक प्रश्न कॉडमन यांना छळत होता. शस्त्रक्रिया झाली, रुग्ण घरी गेला. पण वर्षभराने तो बरा आहे का? नसेल तर का नाही? प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड ठेवावे आणि वर्षाने निकाल तपासून त्यावर नोंदावा, एवढीच त्यांची मागणी होती. ती मानवेना. बढती कामावर नव्हे, ज्येष्ठतेवर मिळते म्हणून १९१४ साली त्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलची जागा सोडली आणि पाठोपाठ तिथल्याच मुख्य शल्यविशारदाच्या पदासाठी अर्ज केला. कारण दिले, माझे निकाल इतरांपेक्षा चांगले आहेत! स्वतःच्या छोट्या रुग्णालयात मात्र त्यांनी ही पद्धत निष्ठेने चालवली. १९११ ते १९१६ या काळात ३३७ रुग्ण घरी गेले. त्यांच्या उपचारांत झालेल्या १२३ चुका कॉडमन यांनी छापून जगापुढे मांडल्या.

जानेवारी १९१५ मध्ये डॉक्टरांच्या एका सभेत त्यांनी भलेमोठे व्यंगचित्र उघडले. त्यात वाळूत डोके खुपसलेले शहामृग म्हणजे शहरातले धनिक, आणि ते मागच्या मागे डॉक्टरांकडे सोन्याची अंडी लाथाडते आहे. सभेत गदारोळ झाला. स्थानिक शल्यविशारद मंडळाचे अध्यक्षपद गेले, हार्वर्डमधली शिकवणी गेली, मित्र दुरावले आणि मिळकत आटली. चूक दाखवणाऱ्या कारकुनावर साहेब का चिडतात, हे मी जवळून पाहिलेले आहे. पण इथे फरक पैशांचा नव्हता, माणसांच्या जिवाचा होता.

१९३४ साली कॉडमन यांनी खांद्यावरचा मोठा ग्रंथ पदरमोड करून छापला. २३ नोव्हेंबर १९४० रोजी कर्करोगाने ते गेले. त्यांच्या थडग्यावर दगडसुद्धा नव्हता. तो २०१४ साली डॉक्टरांच्या संघटनांनी बसवला. त्यांनी मागितलेली वर्षभरानंतरची तपासणी आज चांगल्या रुग्णालयांचे एक लक्षण मानली जाते.

डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या सोलापूरला वेगळी वाट धरणारे डॉक्टर नवीन नाहीत. म्हणूनच इथे एक विचार मनात येतो. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या या गावात मागावर आयुष्य काढलेल्या माणसाचा हात एके दिवशी पडल्याचे निमित्त होऊन अडतो. तेव्हा आपण सहज म्हणून जातो, वयच झाले त्याचे. वय असतेच, पण झीज झाली ती कुणाचे कापड विणताना, याची नोंद कुठल्या कार्डावर होते? कॉडमन असते तर त्यांनी विचारले असते.

माझा खांदा आता बराच सुटला आहे. फळीवरचा डबा मीच काढतो. पुढच्या वर्षी त्या बाईंना जाऊन तसे सांगणार आहे. निकाल कळवायला हवा ना!